एकशे बत्तीस पेपर आणि एक चुकलेला प्रश्न: डीबीएमएसच्या ओपन-बुक परीक्षेचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं, जिल्ह्याच्या ठिकाणचं एक स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालय. स्वायत्त म्हणजे पदवी विद्यापीठाची, पण पेपर काढणं, तपासणं, निकाल लावणं हे सगळं आमचं आम्ही करायचं. कॉलेजचं नाव देत नाही, माणसांची नावंही नाहीत, आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. विषय तिसऱ्या वर्षाच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा डीबीएमएस, म्हणजे डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टिम: माहिती तक्त्यांत साठवायची आणि हवी तशी काढायची कशी. दोन डिव्हिजन मिळून १३२ मुलं. एका डिव्हिजनला मी शिकवत होतो, दुसरीला एक मॅडम. काळ २०२०-२१ चं दुसरं सत्र.

त्याआधीचं वर्ष कसं गेलं ते शिक्षकांना सांगायला नको. मार्च २०२० ला कॉलेजं बंद झाली. ६ जुलैला यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घ्या म्हणून सांगितलं, राज्य सरकार म्हणालं शक्य नाही, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि २८ ऑगस्टला निकाल आला की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. दिल्ली विद्यापीठानं त्याच ऑगस्टमध्ये ऑनलाइन ओपन-बुक, म्हणजे पुस्तक उघडं ठेवून लिहायची, परीक्षा घेतली होती. आपल्याकडची विद्यापीठं ऑक्टोबरमध्ये एमसीक्यूकडे, म्हणजे दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायच्या प्रश्नांकडे, वळली. आम्हीही तेच केलं. जानेवारी २०२१ मध्ये या मुलांचा ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर एमसीक्यू होता, कॅमेऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरसह.

ओपन-बुक ही कल्पना आमच्यासाठी नवी नव्हती, निदान कागदावर तरी. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं नोव्हेंबर २०१८ मध्ये परीक्षा सुधारणांचं धोरण काढलं, त्यात तिचा उल्लेख आहे. तेव्हापासून आमच्या प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नाशेजारी सीओचा (प्रश्न विषयाचं कोणतं उद्दिष्ट तपासतो) आणि ब्लूम लेव्हलचा (लक्षात ठेवण्यापासून वर, विचाराची कोणती पायरी) रकाना आला. रकाना भरायलाही आम्ही शिकलो. ‘नॉर्मलायझेशन म्हणजे काय ते सोदाहरण स्पष्ट करा’ या प्रश्नापुढे ‘लेव्हल ४, अॅनालाइझ’ असं मी स्वतः लिहिलेलं आहे. जुने पेपर काढून बघितले तर सापडेल.

अडचण

जानेवारीच्या एमसीक्यू परीक्षेत पेपर सुरू झाल्यावर दहा मिनिटांत प्रश्नांचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर होते. प्रश्नांचा क्रम प्रत्येकाला वेगळा होता, पण मुलांनी प्रश्नाचे पहिले तीन शब्द आणि उत्तर अशी यादीच केली. निकालात निम्म्याहून जास्त मुलं ६० पैकी ५० च्या वर. प्रॅक्टिकलला जी मुलं एक साधी प्रोसेस फोर्क करताना अडकत होती, ती सुद्धा.

त्यात कॅमेऱ्याची दुसरीच कथा. एका मुलीच्या नावापुढे सॉफ्टवेअरनं सतरा ‘उल्लंघनं’ दाखवली. रेकॉर्डिंग बघितलं. एका खोलीचं घर, मागून धाकटी बहीण ये-जा करते आहे, आणि दरवेळी हिची नजर क्षणभर तिकडे जाते. शेवटचा अर्धा तास ती मुलगी मान अजिबात न हलवता, पुतळ्यासारखी बसली होती. ज्यांनी खरोखर कॉपी केली त्यांच्या नावापुढे शून्य, कारण त्यांचा मोबाईल कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर होता.

म्हणून मार्चच्या विभागीय बैठकीत प्रश्न मांडला गेला तो असा: जुलैमधली परीक्षाही ऑनलाइनच होणार हे दिसतंय, तर कॉपी कशी थांबवायची? आता मागे वळून बघताना वाटतं, प्रश्न मांडतानाच पहिली चूक झाली. पण ते पुढे येईल.

कोणते मार्ग होते

चार मार्ग टेबलावर आले.

एमसीक्यूच चालू ठेवून पहारा कडक करायचा, हा पहिला. परीक्षा विभागाला तोच सोयीचा होता, निकाल दुसऱ्या दिवशी तयार. वरची हकिगत सांगितल्यावर त्याच्या बाजूनं फारसं कोणी बोललं नाही.

दुसरा, लेखी परीक्षा रद्द करून सगळे गुण प्रोजेक्ट आणि ओरलवर. १३२ ओरल नीट घ्यायच्या तर दोन शिक्षकांचे तीन आठवडे. शिवाय ‘ओरलला सर ओळखीच्यांना जास्त देतात’ ही तक्रार मुलांमध्ये जुनी आहे आणि ती पूर्ण खोटी आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

तिसरा मार्ग मॅडमचा: चोवीस तासांचा घरी सोडवायचा पेपर. नेट कमी-जास्त असलं, लाईट गेली, तरी मुलांना सावरता येतं. मला तो आवडला होता. तो मागे पडला एका साध्या कारणानं. चोवीस तासांत चांगलं येणारा एक मित्र दहा जणांचे पेपर सोडवू शकतो, आणि गावाकडे ‘पेपर सोडवून देतो’ म्हणणारे क्लासवालेही आहेत.

चौथा, ज्यावर आम्ही थांबलो: तीन तासांचा ओपन-बुक पेपर, वर अर्धा तास अपलोडसाठी. पुस्तक, नोट्स, इंटरनेट सगळं चालेल, चालणार नाही तो फक्त दुसरा माणूस. प्रश्न सगळ्यांना सारखे, पण डेटा प्रत्येकाचा वेगळा. आणि पेपरनंतर काही मुलांची दहा मिनिटांची ओरल, त्यांच्याच उत्तरावर.

अकॅडमिक कौन्सिलमध्ये दोन आक्षेप आले. एक अपेक्षित होता: पुस्तक उघडं ठेवून परीक्षा म्हणजे पास करायचा सोपा रस्ता. दुसरा परीक्षा नियंत्रकांचा, आणि तो चोख होता. नियमाप्रमाणे प्रश्नपत्रिका एक असते, सीलबंद असते, तिचं मॉडरेशन होतं, म्हणजे दुसरा शिक्षक ती आधी तपासतो. तुमच्या १३२ प्रश्नपत्रिकांचं मॉडरेशन कोण करणार? वाद तासभर चालला. तोडगा असा निघाला की प्रश्नपत्रिका एकच, आणि डेटा हे तिचं ‘जोडपत्र’. मॉडरेटर प्रश्नपत्रिका बघतील आणि नमुना म्हणून पाच जोडपत्रं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. नियंत्रकांचा प्रश्न मात्र आम्ही सोडवला नव्हता, तोडगा काढून बाजूला सारला होता.

काय केलं

आधी एक ओळीचा फॉर्म भरून घेतला: परीक्षेला कोणतं साधन वापरणार? १९ मुलांकडे फक्त मोबाईल होता. त्यामुळे पेपर कागदावर सोडवता आला पाहिजे हे ठरलं. डेटाची फाइल द्यायचीच, पण तोच डेटा पीडीएफमध्ये छापलेलाही द्यायचा, आणि तो हातानं मोजता येईल एवढाच ठेवायचा. उत्तर वहीत लिहून फोटो काढला तरी चालेल.

डेटासाठी विषय निवडला दूध संकलन केंद्र. एक तक्ता सभासदांचा. दुसरा संकलनाचा: सभासद क्रमांक, दिनांक, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर. तिसरा उचलीचा, म्हणजे दहा दिवसांच्या पगारातून कापून घ्यायचे आगाऊ पैसे. चार सभासद, दहा दिवस, दोन वेळा, म्हणजे जास्तीत जास्त ८० नोंदी. पायथॉनची एक स्क्रिप्ट पीआरएनच्या, म्हणजे मुलाच्या नोंदणी क्रमांकाच्या, शेवटच्या चार आकड्यांवरून प्रत्येकाचा डेटा तयार करायची आणि सोबत आमच्यासाठी त्या डेटाची उत्तरंही काढून ठेवायची.

इथे मॅडमनी एक शंका काढली जी मला सुचली नव्हती. ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना हा पेपर सोपा जाणार नाही का? पुण्या-मुंबईच्या मुलाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ म्हणजे काय हे कशाला माहीत असेल? म्हणून डेअरीचा व्यवहार समजावणारं अर्धं पान पेपरच्या आठ दिवस आधी सगळ्यांना पाठवलं. खरं सांगायचं तर मला आतून वाटत होतं, इतकी वर्षं पुस्तकातल्या ‘एम्प्लॉयी-डिपार्टमेंट’नं जो फायदा एका बाजूला दिला, तो एखाद्या वेळी दुसऱ्या बाजूला गेला तर काय बिघडलं. पण हे बैठकीत बोललो नाही.

प्रश्न चारच होते, १५-१५ गुणांचे.

पहिला नॉर्मलायझेशनचा, म्हणजे तीच माहिती पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून तक्ता तोडण्याचा. सभासदाचं नाव आणि गाव संकलनाच्या प्रत्येक ओळीत घुसवलेला एक तक्ता दिला. तो तोडा, पण तोडताना सांगा: दर हा फॅट-एसएनएफवरून ठरतो, मग ‘दर’ हा रकाना काढून टाकाल की ठेवाल? दोन्ही बाजूंचं एकेक कारण द्या. पुस्तकी उत्तर आहे काढून टाका. पण दरपत्रक पगाराच्या मध्येच बदललं तर जुनं बिल पुन्हा काढता येणार नाही, म्हणून एक तर दर ठेवा, नाही तर दरपत्रकाला लागू होण्याची तारीख द्या. हा प्रश्न नोट्समध्ये शोधून मिळत नाही.

दुसरा प्रश्न चुकीची क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागणारी आज्ञा, ओळखण्याचा. याच्याबद्दल खाली सविस्तर.

तिसरा इंडेक्सचा, म्हणजे नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून ठेवायच्या सूचीचा: तीन क्वेऱ्या दिल्या, दोनच इंडेक्स घेता येतील, कोणते घ्याल आणि संकलनाच्या गर्दीच्या वेळी त्यांची काय किंमत मोजाल?

चौथा ट्रान्झॅक्शनचा, एका शेड्यूलवर (एकाच वेळी चालणाऱ्या व्यवहारांच्या पायऱ्यांचा क्रम) टू-फेज लॉकिंग (एक लॉक सोडलं की नवं घ्यायचं नाही हा नियम) लावून दाखवा. इथे आम्ही आळस केला. शेड्यूल सगळ्यांना एकच दिलं, कारण प्रत्येकाला वेगळं शेड्यूल काढायची स्क्रिप्ट लिहायला वेळ उरला नव्हता.

दुसरा प्रश्न

क्वेरी अशी होती: सभासदांना संकलन लेफ्ट जॉइन (म्हणजे प्रत्येक सभासदापुढे त्याच्या जुळणाऱ्या सगळ्या नोंदी जोडायच्या), त्यालाच उचल लेफ्ट जॉइन, सभासद क्रमांकावर ग्रुप बाय (सभासदवार गट), आणि लिटरची सम (बेरीज), उचलीची सम. दिसायला निर्मळ. पण एका सभासदाच्या दुधाच्या २० नोंदी आणि उचलीच्या दोन नोंदी असतील, तर जोडल्यावर ओळी होतात ४०. प्रत्येक दूध दोनदा मोजलं जातं, प्रत्येक उचल वीस वेळा. १३१.५ लिटरचं २६३ लिटर होतं, आणि ५०० अधिक १,००० अशी दीड हजाराची उचल ३०,००० दिसते. शेतकऱ्याला दूध दुप्पट लिहिल्याचा आनंद व्हायच्या आत पगार उणे निघतो.

प्रश्नात लिहिलं होतं: ‘क्रमांक अमुकच्या सभासदाचं दूध या क्वेरीत जास्त येत आहे. का? तुमच्या डेटातले आकडे देऊन दाखवा आणि क्वेरी दुरुस्त करा.’ अमुक क्रमांक स्क्रिप्ट भरायची: ज्याच्या उचली सगळ्यात जास्त, तो सभासद.

नेटवर ही चूक शोधली की एक झटपट उपाय हमखास सापडतो, समच्या आत डिस्टिंक्ट टाका, म्हणजे सारखा आकडा एकदाच मोजला जाईल. त्यासाठी आम्ही डेटात मुद्दाम खड्डा ठेवला होता. लिटरचे आकडे अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या फरकाचे, साडेपाच ते आठ, म्हणजे वेगळे आकडे सहाच. डिस्टिंक्ट लावलं की उचल ५०० अधिक १,००० बरोबर १,५०० येते, मुलगा खूश होतो, आणि दूध १३१.५ वरून ४०.५ लिटरवर उतरतं. ज्यानं स्वतःच्या डेटावर चालवून बघितलं किंवा बेरीज केली त्याला ते लगेच कळतं. साधारण तीस मुलांनी डिस्टिंक्ट लिहून पुढचा प्रश्न घेतला. हा भाग अगदी ठरवल्यासारखा चालला. बरोबर उत्तर, म्हणजे दुधाची बेरीज वेगळी करा, उचलीची वेगळी करा आणि मग जोडा, हे शोधून सापडलं तरी आपल्या आकड्यांवर पडताळावं लागत होतं.

पेपर सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली होती. हेल्पलाइनच्या नंबरवर मेसेज आला: ‘सर, माझ्या क्र. ३ चं दूध बरोबरच येतंय. मी दोनदा मोजलं. उचल चुकतेय फक्त. प्रश्न चुकीचा आहे का?’

जानेवारीत सतरा उल्लंघनं लागलेली तीच मुलगी. तिच्याकडे फक्त मोबाईल होता, म्हणजे तिनं पीडीएफवर बोट ठेवून मोजलं होतं.

तिचं जोडपत्र उघडलं. क्र. ३ च्या दुधाच्या नोंदी १९, उचल एकच, १,००० रुपयांची. एकच उचल असेल तर जोडून ओळी १९ च राहतात. दूध बरोबर येतं. फक्त उचल १९,००० दिसते. तिच्या डेटात दोन उचली असलेला सभासदच नव्हता, त्यामुळे ‘सगळ्यात जास्त उचली’ म्हणजे एक.

स्क्रिप्टनं प्रत्येक सभासदाला ०, १ किंवा २ उचली सारख्याच शक्यतेनं दिल्या होत्या. एका सभासदाला दोन नसण्याची शक्यता दोन-तृतीयांश. चौघांपैकी कोणालाच नसण्याची सोळा एक्याऐंशी, जवळपास पाचात एक. हे गणित आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकवतो. मॉडरेटरना दाखवलेल्या पाचही जोडपत्रांत दोन उचलींचा सभासद होता, याला नशीब म्हणायचं की काय ते ठरवा. मागून मोजलं तेव्हा अशी जोडपत्रं २४ निघाली, त्यातल्या एकात तर उचलच नव्हती.

निर्णय एक: पेपर चालू असताना काय सांगायचं

पर्याय तीन. गप्प बसायचं आणि तपासताना बघून घ्यायचं. नाही तर सगळ्यांना सांगायचं की काही जणांच्या डेटात दूध दुप्पट येणार नाही, पण मग उरलेल्या १०८ जणांना ‘दुप्पट’ हा शब्द म्हणजे अर्धं उत्तर फुकट. किंवा त्या २४ जणांनाच मेसेज करायचा. त्यांची यादी काढायला पंधरा मिनिटं लागली असती आणि मेसेज ग्रुपवर फिरायला दोन.

आम्ही सगळ्यांना एकच ओळ पाठवली: ‘प्रश्नात लिहिलेलं तुमच्या डेटात दिसत नसेल तर जे दिसतं ते आकड्यांसह लिहा, त्याला पूर्ण गुण आहेत.’ आजही तीच ओळ पाठवीन, फक्त पहिल्याच पानावर, पेपरच्या आधी.

निर्णय दोन: ही कॉपी मानायची का

२४ पैकी ९ जणांनी खरं ते लिहिलं: दूध बरोबर, उचल इतक्या पट. ७ जणांनी प्रश्न सोडला किंवा भलतंच लिहिलं. उरलेल्या ८ जणांनी लिहिलं, ‘दूध दुप्पट होते.’ जे त्यांच्या डेटात होतच नव्हतं.

मॅडमचं म्हणणं होतं, हे तर आपोआप लागलेलं जाळं आहे. आठही जणांनी दुसऱ्याचं उत्तर उतरवलं. वरवर पटण्यासारखं होतं. पण प्रश्नपत्रिकेनंच त्यांना सांगितलं होतं की दूध जास्त येतंय. पेपरवर विश्वास ठेवून, क्वेरी न चालवता, तत्त्वावरून उत्तर लिहिणारा मुलगा आळशी म्हणा, चोर म्हणता येणार नाही. आमच्या चुकीला पुरावा म्हणून वापरणं मला जमेना. यावर आमचं थोडं वाजलंही.

शेवटी आठ उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या. पाचांत आकडेच नव्हते. तिघांत आकडे होते, आणि ते दशांशासकट दुसऱ्याच पीआरएनच्या जोडपत्राशी जुळत होते. त्या तिघांना ओरलला बोलावलं. दोघांनी पाच मिनिटांत कबूल केलं. तिसरा शेवटपर्यंत म्हणत राहिला की त्यानं चुकून मित्राची फाइल डाउनलोड केली. ती शक्यता नाकारता येत नव्हती, कारण फाइली मूडलवर, म्हणजे आमच्या ऑनलाइन वर्गाच्या साइटवर, टाकताना आमच्या नावांचा नमुना इतका सोपा होता की पीआरएन बदललं की लिंक उघडायची. त्याला दुसऱ्या प्रश्नाचे शून्य दिले, शिस्तभंगाची कारवाई केली नाही.

निर्णय तीन: २४ जणांचे गुण

त्या प्रश्नाचे गुण वगळून बाकी ४५ च्या प्रमाणात ६० काढायचे, तर ज्या नऊ जणांनी आमची चूक असूनही बरोबर लिहिलं त्यांचं नुकसान. सगळ्यांना पूर्ण गुण द्यायचे, तर १०८ जणांवर अन्याय. दोन्ही पद्धतींनी काढून जे जास्त येतील ते द्यायचे असं ठरलं, कॉपीचे तिघे सोडून. परीक्षा नियंत्रकांनी टिपण मागितलं, दिलं. ‘मी विचारलं होतं,’ एवढंच ते म्हणाले.

निष्पन्न काय झालं

गुण पसरले. जानेवारीत गठ्ठ्यानं वर असलेली मुलं आता वर-खाली झाली, आणि प्रॅक्टिकलला बरी असलेली मुलं बहुतेक वरच्या भागात दिसली. ५० च्या वर २२ जण. चौथ्या प्रश्नाचं मात्र हसू झालं. टू-फेज लॉकिंगचं एकच उत्तर, एकाच ठिकाणी एकच अनलॉक विसरलेलं, ४१ पेपरांत.

मुलांची सगळ्यात मोठी तक्रार वेळेची. ओपन-बुक आहे म्हणून अभ्यास न करता आलेली मुलं चारशे पानांच्या पीडीएफमध्ये शोधत बसली. एकानं ओरलमध्ये सांगितलं, ‘सर, पहिल्या प्रश्नातला दर पुस्तकात शोधण्यात माझा पाऊण तास गेला.’ त्याला हसलो, पण चूक अर्धी आमची. अशा पेपरचा सराव आम्ही एकदाही घेतला नव्हता. मोबाईलवाल्या १९ मुलांना मोजायला खरोखर जास्त वेळ लागला, आणि ते आम्ही आधी धरायला हवं होतं.

तपासायला एका पेपरला सरासरी वीस मिनिटं लागली, पूर्वीच्या तिप्पट. स्क्रिप्टनं काढलेली उत्तरं हाताशी नसती तर दुसरा प्रश्न तपासणं अशक्य होतं.

ओरल चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या २६ जणांच्या आणि दुसऱ्याचे आकडे लिहिलेल्या त्या तिघांच्या झाल्या. आम्ही विचारायचो ते एवढंच: ‘या क्वेरीतला हा जॉइन काढला तर तुमच्या उत्तरातला कोणता आकडा बदलेल?’ ज्यानं स्वतः लिहिलं त्याला तीस सेकंद लागायचे. ओरलला कोणालाही बोलावलं जाऊ शकतं हे आधी जाहीर केलं होतं, आणि माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा त्याच एका ओळीनं जास्त काम केलं.

पुन्हा करायचं तर

मार्चमध्ये आम्ही ‘कॉपी कशी थांबवायची’ असं विचारलं आणि त्याचं उत्तर म्हणून प्रत्येकाला वेगळा डेटा दिला. सगळं लक्ष डेटा वेगळा आहे का याकडे. तो प्रश्नाला लागू पडतो का, हे बघायचं राहून गेलं. १३२ जणांना वेगळा पेपर दिला तर १३२ पेपर आधी सोडवून बघायला हवेत. संगणकाच्या शिक्षकांनी हे हातानं करायचीही गरज नाही. उत्तरं स्क्रिप्ट काढतच होती. ‘चुकीच्या क्वेरीचं दूध आणि खरं दूध यांतला फरक’ असा एक रकाना काढून त्यात शून्य शोधलं असतं, तर दहा मिनिटांचं काम होतं.

उचलींची संख्या नशिबावर सोडायची नव्हती. नशीब लिटरला आणि फॅटला ठेवायचं; ज्यावर प्रश्न उभा आहे ते पक्कं बांधायचं.

प्रश्न तीनच पुरेसे. चौथा सगळ्यांना सारखा द्यायचाच असेल तर तो ओरलमध्ये विचारावा.

फाइलींच्या लिंकमध्ये पीआरएन नको.

आणि त्या आठ जणांबद्दल मॅडमचं आणि माझं अजून एकमत नाही. त्या म्हणतात पाच जण सुटले. असतीलही.

त्यानंतर

२०२२ च्या उन्हाळ्यात हीच पद्धत पुन्हा वापरली, या वेळी प्रत्यक्ष लॅबमध्ये, आणि नीट पार पडली. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. पुढच्या सत्राचा पेपर काढायच्या आधी मी दुसरा प्रश्न त्याला घातला. ओळी कशा वाढतात ते त्यानं नीट सांगितलं, डिस्टिंक्टचा धोका न विचारता सांगितला, आणि दुरुस्त क्वेरी दिली. ज्या प्रश्नावर आमचा एवढा जीव होता त्याचे पंधरापैकी दहा गुण तिथेच गेले.

आता पेपर लॅबमध्ये होतो, बाहेरचं नेट बंद, स्वतःच्या नोट्स, छापील पुस्तकं आणि डेटाबेसचं डॉक्युमेंटेशन लोकल सर्व्हरवर. ओरल सगळ्यांची, गुण ६० पैकी २०. तीन आठवडे जातील म्हणून २०२१ मध्ये जी नाकारली तीच. फक्त पाच मिनिटांची केली आहे आणि दोनऐवजी चार शिक्षक बसतात. दुसऱ्या प्रश्नाचं रूपही बदललं: दुरुस्त क्वेरी आम्हीच देतो, दोन देतो, आणि विचारतो की या केंद्राच्या डेटावर दोन्हींचं उत्तर कधी वेगळं येईल ते एक नोंद घालून दाखवा.

स्क्रिप्ट तीच आहे. तिच्यात एक अट वाढवली आहे: दोन उचलींचा सभासद नसेल तर पीडीएफ तयारच होत नाही, लाल अक्षरांत पीआरएन येतो आणि काम थांबतं. नवीन जोडपत्रं आधी शेवटच्या वर्षाच्या एका-दोन मुलांकडून सोडवून घेतो. २०२२ ला त्या कामाला पहिलं नाव त्याच मुलीचं लिहिलं होतं. तिनं दोन चुका काढल्या, त्यातली एक तारखेची होती: जूनला ३१ दिवस.